बाबांच्या स्टेम सेल गोठवल्या आहेत, आता पुढे काय?

सांगलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. वडील ५९ वर्षांचे, मल्टिपल मायलोमाचे, म्हणजे हाडांच्या मगजात होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण. चार-पाच महिने औषधं आणि इंजेक्शनं झाली, आजार बराच आटोक्यात आला. पुण्यात त्यांच्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून दोन पिशव्यांमध्ये गोठवून ठेवल्या आहेत आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दाखल व्हायचं आहे. ताईंचे प्रश्न असे: गोठवलेल्या पेशी खराब तर होणार नाहीत? ओळखीच्या एका काकांना ‘ताज्या’ पेशी दिल्या होत्या, मग बाबांना कमी दर्जाचं काही मिळतंय का? पेशी देतात कशा, ऑपरेशन असतं का? आणि २० मेला धाकट्या बहिणीचं लग्न आहे, तोवर बाबा पूर्वीसारखे होतील का?

मी एकोणीस वर्षं बीएमटी, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या युनिटमध्ये सिस्टर आहे. वितळलेली पिशवी रुग्णाला लावणं, पुढचे दोन-तीन आठवडे त्याला सांभाळणं आणि घरी गेल्यावर महिनोनमहिने फोनवर त्याची खबर घेणं, हेच माझं काम. म्हणून सगळ्याच प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी एक गोष्ट सांगायची आहे. ताई, तुमचे चारपैकी तीन प्रश्न त्या पिशवीबद्दल आहेत. जवळजवळ प्रत्येक घराचे असेच असतात. आणि माझा अनुभव असा, की या सगळ्या प्रवासात पिशवी हा सर्वात बिनघोर भाग असतो. काळजी खरी लागते ती दोन ठिकाणी: पेशी दिल्यानंतरचे साधारण दहा-बारा दिवस, आणि घरी आल्यानंतरचे तीन महिने. पहिल्या ठिकाणी आम्ही असतो. दुसऱ्या ठिकाणी तुम्ही.

गोंधळ होतो तो ‘प्रत्यारोपण’ या शब्दामुळे. किडनी बदलतात तसं काहीतरी डोळ्यासमोर येतं. तुमच्या बाबांच्या बाबतीत काहीच बदलायचं नाही. त्यांचा इलाज म्हणजे मेलफॅलान हे औषध. ते इतक्या मोठ्या डोसमध्ये देतात की हाडांच्या मगजात लपलेल्या मायलोमाच्या पेशी मरतात, पण त्याच तडाख्यात रक्त तयार करणारा मगजही कोलमडतो. तो आपला आपण उभा राहायला फार वेळ लागेल आणि तेवढा वेळ माणूस तग धरू शकत नाही. म्हणून त्यांच्याच चांगल्या पेशी आधी काढून बाजूला ठेवायच्या आणि औषधाचं काम झालं की परत द्यायच्या. शेतकरी बियाणं वेगळं काढून ठेवतो ना, तसं. शेत नांगरून निघाल्यावर पेरायला घरात काहीतरी असलं पाहिजे.

पुढे जे सांगते आहे ते रुग्णाच्या स्वतःच्या पेशींबद्दल आहे, ज्याला ऑटोलॉगस म्हणतात. भावाच्या, बहिणीच्या किंवा परक्या दात्याच्या पेशी दिल्या तर गोष्ट निराळी. तिथे परक्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका असतो आणि सावरायला बराच जास्त काळ लागतो. तुम्हाला कुणी ‘वर्षभर घराबाहेर पडता येत नाही’ असं सांगितलं असेल, तर बहुधा त्या प्रकारातला अनुभव ऐकवला असेल. शिवाय बाबांची किडनी कशी आहे, हृदय कसं आहे, साखर आहे का, यावर बरंच ठरतं. मायलोमात किडनीला मार बसलेला असतो, तेव्हा मेलफॅलानचा डोस कमी करतात. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅमऐवजी १४०. तुमच्या डॉक्टरांनी यातलं काही माझ्या सांगण्यापेक्षा वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका. त्यांच्यासमोर बाबांचे रिपोर्ट आहेत, माझ्यासमोर नाहीत.

आता पिशवी.

स्टेम सेल काढताना बाबांना चार-पाच दिवस पोटावर किंवा दंडावर इंजेक्शनं दिली असतील आणि कंबर, पाठ, हाडं दुखली असतील. त्या इंजेक्शनांमुळे मगजातल्या पेशी रक्तात उतरतात आणि यंत्रातून रक्त फिरवून त्या वेगळ्या काढता येतात. किती मिळाल्या हे सीडी-३४ ही खूण असलेल्या पेशी मोजून कळतं. दर किलो वजनामागे किमान २० लाख लागतात, ४० ते ५० लाख असल्या तर आम्ही निर्धास्त होतो. ६० किलोच्या माणसाला म्हणजे कमीत कमी १२ कोटी. हा आकडा तुमच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. ‘खराब होतील का’ यापेक्षा ‘सीडी-३४ किती आहे’ हे विचारा. त्या उत्तरातून तुम्हाला काहीतरी हाती लागेल.

नुसत्या थंडीने पेशी मरत नाही, बर्फ तिला मारतो. पाण्याचे टोकदार स्फटिक तयार झाले की आतून पेशी फाटते. ते होऊ नये म्हणून डीएमएसओ नावाचा द्रव मिसळतात, बहुतेक ठिकाणी १० टक्के. पेशी गोठवताना डीएमएसओ कामाला येतो हे १९५९ पासून माहीत आहे, इतकी ही जुनी आणि पारखलेली गोष्ट आहे. मग पिशवी यंत्रात मिनिटाला साधारण एक अंश अशा संथ वेगाने थंड करतात, म्हणजे पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर पडायला सवड मिळते. एक नाजूक क्षण मध्येच येतो. द्रव गोठतो तेव्हा उष्णता बाहेर टाकतो आणि पिशवीचं तापमान चढू पाहतं. यंत्र नेमकं तेव्हा जास्त गार वाफ सोडून ते सावरतं. त्या आलेखावरची एवढीशी उडी पाहायला मला अजूनही आवडतं. शेवटी पिशवी द्रव नायट्रोजनच्या टाक्यात जाते, उणे १९६ अंशांच्या जवळपास. त्या थंडीत पेशीतली सगळी हालचाल थांबते. तिच्यासाठी एक महिना काय आणि पाच वर्षं काय, सारखंच. काही रुग्णालयं उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात, काही महिन्यांसाठी तेही चालतं.

गोठवून वितळवताना थोड्या पेशी मरतात, हे खरं आहे. ते धरूनच जास्त पेशी काढलेल्या असतात.

ओळखीच्या काकांच्या ‘ताज्या’ पेशींचं असं आहे. मेलफॅलान दिल्यावर एका दिवसात ते रक्तातून निघून जातं. त्यामुळे काढलेल्या पेशी दोन-तीन दिवस साध्या फ्रिजच्या तापमानाला, ४ अंशांवर ठेवून परत देता येतात. भारतात अनेक केंद्रं मायलोमासाठी असं करतात, खर्चही वाचतो. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) रुग्णांना मात्र केमो सहा दिवस चालते, तेवढे दिवस पेशी फ्रिजमध्ये तग धरत नाहीत, त्यांना गोठवण्याशिवाय गत्यंतर नसतं. बाबांच्या गोठवल्या त्याचं कारण बहुधा साधं असेल. पेशी काढणं आणि बेड मिळणं यांचा मेळ बसला नसेल, किंवा डॉक्टरांनी एक पिशवी पुढेमागे दुसऱ्या वेळेसाठी राखून ठेवायचं ठरवलं असेल. मायलोमात हे करतात आणि ते शहाणपणाचं आहे. दोन्ही पिशव्या आताच देणार की एक ठेवणार, हे विचारून घ्या. ताज्या पेशींवर काऊंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, एखाद-दोन दिवस आधी वर आलेले मी पाहिले आहेत, पण पुढे महिन्याभरानंतर कोणता रुग्ण कोणत्या पेशींवर उभा राहिला हे ओळखता येत नाही. दर्जाचा प्रश्नच नाही. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं ते भावंडाच्या ताज्या मगजावर. ती त्या उपचाराची गरज होती. गोठवण्याची सोय ही तुमच्या बाबांच्या उपचाराची गरज आहे.

मेलफॅलानच्या दिवशी एक काम तुमचं. औषध चालू असताना तोंडात बर्फ ठेवायचा. थोडं आधीपासून सुरुवात करायची, औषध संपल्यावरही काही वेळ चालू ठेवायचं. बर्फाने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं आणि नंतर तोंड कमी येतं. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. दात शिवशिवतात, डोकं बधिर होतं, माणसं कंटाळून बर्फ थुंकून टाकतात. तुम्ही शेजारी बसा आणि ‘बाबा, अजून दहा मिनिटं’ म्हणत राहा. लिंबू सरबताचा बर्फ केला तर जास्त वेळ टिकतात. तो युनिटमध्येच, उकळून गार केलेल्या पाण्याचा करून मागा.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी पेशी देतात. तो दिवस शून्य. पुढचे सगळे दिवस तिथून मोजायचे: प्लस एक, प्लस दोन. रुग्णालयात सगळे याच भाषेत बोलतील.

ऑपरेशन नाही, भूल नाही, टाके नाहीत. मानेजवळ किंवा छातीवर जी सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेतली नळी, बसवलेली असते तिच्यातूनच, रक्त चढवतात तसं. आदल्या काही तासांपासून सलाइन चालू असतं, म्हणजे किडनीतून भरपूर लघवी वाहती राहते. पेशींच्या अर्धा-एक तास आधी उलटीचं, ॲलर्जीचं आणि तापाचं औषध देतो. मग प्रयोगशाळेचा माणूस पिशवी घेऊन येतो. तिचा डबा बाहेरून दुधाच्या कॅनसारखा दिसतो, झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर उतरते. नाव, रुग्णालयाचा नंबर, पिशवीचा नंबर आम्ही दोघंजणं मोठ्याने वाचतो आणि बाबांनाही त्यांचं पूर्ण नाव सांगायला लावतो. तुम्हाला ते पाच वेळा तेच तेच विचारल्यासारखं वाटेल. वाटू द्या. तिथे घाई करणाऱ्या माणसाच्या हातून पेशी घेऊ नयेत.

पिशवी आणखी एका निर्जंतुक पिशवीत घालून ३७ अंशांच्या पाण्यात धरतात आणि बोटांनी हलकेच चोळतात. दोन-तीन मिनिटांत ती वितळते. इथे गोठवण्याच्या बरोबर उलटं, सगळं झटपट. हळू वितळवलं तर बारीक स्फटिकांचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. आणि ज्या डीएमएसओने थंडीत पेशी राखल्या, तोच ऊब मिळाली की त्यांना बाधतो. म्हणून थोडा बर्फाचा चुरा शिल्लक असतानाच पिशवी बाहेर काढून लगेच लावतो आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवतो. त्या वेळी सिस्टर तुमच्याशी बोलल्या नाहीत, प्रश्न टाळले, तर वाईट वाटून घेऊ नका. हातात घड्याळ असतं.

बाबांना घशात खवखवेल, खोकला येईल, मळमळेल, छातीत जड वाटेल, थोडा वेळ नाडी मंद होईल किंवा बीपी वरखाली होईल. हे डीएमएसओमुळे. आम्ही थेंब हळू करतो, त्यांना खोल श्वास घ्यायला सांगतो आणि बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. लिमलेटची गोळी चघळायला दिली की घशातली विचित्र चव दबते, म्हणून माझ्या एप्रनच्या खिशात त्या नेहमी असतात. डीएमएसओचा शरीरात एक वायू होतो, तो श्वासावाटे बाहेर पडतो आणि त्याचा वास खोलीभर पसरतो. कुणाला लसणासारखा वाटतो, कुणाला उकडलेल्या मक्यासारखा. गंमत अशी की रुग्णाला तो जाणवतच नाही आणि घरचे मात्र नाक मुरडतात. दीड-दोन दिवसांत जातो. कृपा करून बाबांसमोर नाकाला पदर लावू नका. आपल्याला वास येतोय या कल्पनेने एक आजी दोन दिवस कुणाशी बोलल्या नव्हत्या.

दुसरी घाबरवणारी गोष्ट म्हणजे लाल लघवी. पिशवीत थोड्या तांबड्या पेशी असतात, त्या गोठण्यात फुटतात आणि त्यांचा रंग लघवीतून जातो. एक दिवसात लघवी साफ होते. आम्हाला दाखवा, पण रडारड नको.

आणि पिशवी फुटली तर? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असणार. एकोणीस वर्षांत माझ्यासमोर एकदाच घडलं. गोठलेलं प्लास्टिक काचेसारखं ठिसूळ होतं. एका रुग्णाच्या पिशवीच्या कोपऱ्याला बारीक चीर होती, ती पाण्यात धरल्यावर दिसली. बाहेरची निर्जंतुक पिशवी याचसाठी असते. पेशी तिच्यात जमा झाल्या, डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्या सिरिंजने ओढून दिल्या, अँटिबायोटिक सुरू केलं आणि नमुना जंतूंच्या तपासणीला पाठवला. त्या गृहस्थांचे काऊंट बाराव्या दिवशी वर आले. त्या दिवशी माझे हात थरथरत होते, ते मला आठवतं. पण मार्ग असतो, आणि तो आधीच ठरवून ठेवलेला असतो.

पेशी चढल्या की घरातले हुश्श करतात, फोटो काढतात, नातेवाइकांना ‘झालं’ म्हणून कळवतात. मला दर वेळी सांगावं लागतं की आत्ता सुरू झालं. पेशी रक्तातून वाट काढत स्वतःच मगजात जाऊन बसतात, पण कामाला लागायला त्यांना दहा-बारा दिवस लागतात. तेवढ्यात मेलफॅलानचा परिणाम उतरत जातो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात, प्लेटलेट कोसळतात, तोंड येतं, जुलाब लागतात, गिळवत नाही. बहुतेकांना एकदा तरी ताप येतो. ताप आला की तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू होतं. कोणता जंतू आहे हे कळेपर्यंत थांबत नाही, कारण लढायला पेशीच नसतात. इतकं असूनही स्वतःच्या पेशींच्या ट्रान्सप्लांटमध्ये शंभरातल्या ९७-९८ जणांना आम्ही या काळातून सुखरूप बाहेर काढतो. उरलेल्यांचं मी लपवत नाही. धोका लहान आहे, पण तो आहे, आणि सही करताना तो समजून घेऊनच करावी.

या दिवसांत तुमच्याकडून लागतात ते प्लेटलेटचे दाते. प्लेटलेट १०,००० च्या खाली गेल्या की द्याव्या लागतात. एका दात्याकडून यंत्रावर काढलेल्या पिशवीला सगळे एसडीपी म्हणतात. ती पाचच दिवस टिकते, म्हणून आधी साठवून ठेवता येत नाही. सांगलीहून पुण्यात येऊन राहणार आहात, तर पुण्यातलेच चार-पाच धडधाकट दाते आजच बोलून ठेवा. रक्तगट, वजन, हाताच्या शिरा नीट आहेत का, मागच्या दोन-तीन दिवसांत ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी घेतली आहे का, हे विचारून ठेवा. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसांना विनवण्या करणारी मुलं मी पाहिली आहेत. ती वेळ तुमच्यावर येऊ नये.

सातवा, आठवा, नववा दिवस मनाला सगळ्यात जड जातो. माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. ‘उगीच केलं हे’ म्हणतो. कधी चिडतो, बायकोवर ओरडतो, ताट ढकलतो. कर्ता पुरुष असेल तर आपल्याला लहान मुलासारखं पुसून घ्यावं लागतंय याची लाज त्याला खाते. अशा वेळी ‘धीर धरा, सगळं ठीक होईल’ हे शब्द फार तोकडे पडतात. माझ्या पाहण्यात उपयोगी पडतं ते हे: भिंतीवर दिवसांचा कागद लावायचा आणि रोज सकाळी एक खूण त्यांनाच करू द्यायची. दिवसातून दोनदा खुर्चीत बसवायचं. मीठ-सोड्याच्या गुळण्या चुकवायच्या नाहीत. आणि गप्प बसायचं असेल तर त्यांच्याबरोबर गप्प बसायचं.

मग एका सकाळी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा आकडा (तो हजारांत असतो) ०.१ च्या जागी ०.३ येतो, दुसऱ्या दिवशी ०.८. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिले की पेशी रुजल्या असं धरतात. गोठवलेल्या पेशींवर हे बहुधा दहाव्या ते चौदाव्या दिवशी होतं. प्लेटलेट थोड्या मागून येतात. काऊंट चढतानाच कधी पुन्हा ताप आणि अंगावर पुरळ येतं. तो रुजण्याचाच एक त्रास असतो, त्यावर औषध आहे. तोंड मात्र दोन दिवसांत भराभर सुधारतं. केस याच सुमाराला जातात आणि तीन-चार महिन्यांत परत येतात. दाखल झाल्यापासून तीन आठवड्यांच्या आसपास घरी सोडतात.

आता तुमचा भाग.

पहिले काही आठवडे पुण्यातच, रुग्णालयापासून तासाभराच्या आत राहा. याचं कारण एका माणसाच्या गोष्टीने सांगते. एक गृहस्थ सव्विसाव्या दिवशी आपल्या गावी होते. रात्री १००.८ ताप आला. ‘एवढ्या रात्री कुठे त्रास द्यायचा’ म्हणून घरच्यांनी तापाची गोळी दिली, ताप उतरला, सगळे झोपले. पहाटे त्यांचं बीपी लागत नव्हतं. सहा दिवस आयसीयूत काढून ते वाचले, पण त्या सहा दिवसांत त्यांच्या पत्नीने स्वतःला जे बोल लावले ते मी ऐकले आहेत. म्हणून हे फ्रिजवर लिहून चिकटवा: ताप १००.४ किंवा जास्त, की आधी युनिटला फोन. गोळी नाही, सकाळची वाट नाही. थंडी वाजून हुडहुडी भरली तर थर्मामीटरवर ताप नसला तरी फोन. आम्हाला रात्री उठवल्याचा त्रास होत नाही.

खाण्याबद्दल इतकं कडक पथ्य सांगितलं जातं की माणूस उपाशी राहतो. पूर्वी आम्हीही सांगायचो. आता भर स्वच्छतेवर असतो. घरचं, ताजं, पूर्ण शिजलेलं आणि गरम असलेलं काहीही चालतं. भाकरी, भात, वरण, नीट उकडलेलं अंडं, शिजलेलं चिकन. प्रथिनं हवीतच. पहिले तीन महिने कोशिंबीर, कच्ची कोथिंबीर वरून घातलेली, बाहेरची चटणी, उसाचा रस, पाणीपुरी, उघड्यावरचं दही-ताक नको. फळ जाड सालीचं, धुऊन, घरीच सोललेलं. पाणी उकळलेलं. चव गेलेली असते, सगळं लोखंडासारखं किंवा मातीसारखं लागतं. ते दीड-दोन महिन्यांत परततं. तोवर थोडं थोडं, सहा वेळा द्या.

माती, धूळ आणि बुरशी यांच्यापासून मात्र खरंच जपा. तुमची शेती असेल तर नेमकं त्याच सुमाराला तुमच्याकडे हळदीची काढणी चालू असते. खळ्यावर, कडबा-भुशाच्या जवळ, शेणखतात बाबांनी जायचं नाही. ‘नुसता बांधावर उभा राहतो’ म्हणतील, तरी नाही. कुंड्या, तुळशीला पाणी घालणं दुसऱ्याकडे द्या. पुण्यात भाड्याच्या खोलीच्या खिडकीत कबुतरं बसत असतील तर आधीच जाळी लावून, विष्ठा ओली करून साफ करून घ्या, तेही बाबा तिथे यायच्या आधी. घराला रंग देणं, फरशी बदलणं लग्नापायी निघालं असेल तर ते आत्ता, दाखल होण्यापूर्वी उरका किंवा पुढच्या वर्षावर टाका.

गोळ्यांमध्ये असायक्लोव्हिर असेल, ती बहुधा वर्षभर. ती नागिणीसाठी. कांजिण्यांचा विषाणू आपल्या नसांमध्ये दबून असतो आणि या काळात उठतो. अंगाच्या एका बाजूला आग आणि मग पाण्याचे फोड असं दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. नागीण उतरवायला कुणाकडे नेणं, गेरू लावणं, तोंडाला तोंड लागलं की जीव जातो असल्या गोष्टींत दोन दिवस घालवू नका. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तरच नीट लागू पडतं. दुसरी एक गोळी फुप्फुसाच्या संसर्गासाठी काही महिने असते. बरं वाटतंय म्हणून दोन्हींतली एकही परस्पर बंद करायची नाही.

लहानपणीच्या लसींची आठवण या उपचारात बरीच पुसली जाते. सहा ते बारा महिन्यांनंतर लसी पुन्हा सुरू करतात, जिवंत विषाणूच्या लसी दोन वर्षांनंतरच आणि डॉक्टर म्हणतील तरच. घरातल्या सगळ्यांनी मात्र फ्लूची लस आत्ताच घ्या.

थकवा. याबद्दल आम्ही आधी पुरेसं सांगत नाही, ही आमची चूक आहे. काऊंट चांगले, ताप नाही, रिपोर्ट उत्तम, आणि तरी माणूस आंघोळ करून आला की पुन्हा आडवा होतो. घरच्यांना वाटतं आळस करतात, त्याला वाटतं आजार उलटला. तसं काही नसतं. मगज उभा राहिला तरी बाकीचं शरीर, स्नायू, आतडी, झोप, सगळं सावरायचं असतं. बहुतेकांना तीन महिने लागतात, काहींना सहा. रोज पाच मिनिटं चालणं, आठवड्याने सात, मग दहा. अंथरुणात पडून थकवा जात नाही, वाढतो.

शंभराव्या दिवसाच्या आसपास पुन्हा तपासण्या होतात, मायलोमा किती उरला ते पाहतात आणि बहुतेकांना आजार दाबून ठेवणारी लेनालिडोमाइडची गोळी सुरू करतात. हा आजार मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. पण मोठा शांत काळ मिळतो. माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले काही रुग्ण आजही दिवाळीला फोन करतात.

आता लग्न. फेब्रुवारीच्या मध्याला पेशी दिल्या तर २० मे हा साधारण ९५वा दिवस येतो. मध्ये काही मोठं विघ्न आलं नाही तर बाबा तोवर चालते-फिरते असतील, स्वतःचं स्वतः करत असतील. पूर्वीसारखे नसतील. आठशे माणसांच्या कार्यालयात दिवसभर उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करणं त्यांना झेपणार नाही, आणि गर्दीत नेणं योग्यही नाही. म्हणून आत्ताच, निमंत्रणं छापायच्या आधी, घरात बसून ठरवा. मी असं सुचवेन: कन्यादान सकाळी लवकर, कार्यालय भरायच्या आत, मोजक्या माणसांत. होमाचा धूर त्यांच्यापासून लांब, पंखा उलट्या बाजूला. बाबांना पाठ टेकायला खुर्ची, बसून विधी केले म्हणून काही बिघडत नाही, गुरुजींना आधी सांगून ठेवा. तोंडाला मास्क, फोटोपुरता काढला तरी चालेल. कुणी पाया पडायला, गळ्यात पडायला आलं तर आडवं यायला एक खमका भाचा शेजारी उभा करा. अक्षता पडल्या की त्यांना वेगळ्या खोलीत झोपू द्या. लग्नाच्या आठवडाभर आधी काऊंट करून डॉक्टरांना तारीख सांगून विचारा. काऊंट कमी असतील तर ते नको म्हणतील, आणि त्या वेळी व्हिडिओवरून कन्येला आशीर्वाद द्यायची मनाची तयारी दोघांचीही असू द्या.

पंगतीत बसवू नका. त्यांचा डबा घरून न्या, गरम.